आधी पट्टी, मग आवाज : कोल्हापुरात राहून डिजिटल पियानो निवडताना

डिजिटल पियानो घ्यायचं एप्रिलमध्ये ठरलं आणि ऑगस्टमध्ये तो घरात लागला. मधल्या काळात मॉडेलांची तुलना करणारे व्हिडिओ मी भरपूर पाहिले. पण त्यातला आवाज शेवटी माझ्याच मोबाइलमधून ऐकू येत होता, आणि पट्टीचा स्पर्श व्हिडिओतून कळायची सोयच नाही. कोल्हापुरात राहून हे काम कसं करायचं, कुठे जायचं, काय तपासायचं, पैसे कुठे कुठे लागतात, हे मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून घडलं तसं लिहिते.

मी मूळची पेटी वाजवणारी. आमच्या भजनी मंडळात साथ करते. गेली दोन वर्षं ताराबाई पार्कात एका मॅडमकडे पियानो शिकते आहे. सराव घरच्या 61 पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर चालायचा. एप्रिलमध्ये मॅडम म्हणाल्या, "तुमचे सूर बरोबर असतात, लय बरोबर असते, पण सगळं एकाच जोराने वाजतं. या कीबोर्डवर ते सुधारणार नाही. 88 वेटेड पट्ट्यांचं काहीतरी बघा."

मला ते लगेच पटलं. पेटीत आवाज लहान-मोठा करणं भात्याचं काम. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, भाता तोच असेल तर सूर तेवढाच निघतो. पियानोला भाता नाही. पट्टी खाली गेली की आतला हातोडा तारेवर फेकला जातो, आणि तो किती वेगाने गेला यावर आवाजाची पातळी आणि रंग दोन्ही ठरतात. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने ही रचना केली. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, बोटाच्या जोराने तिथे फारसा फरक पडत नसे. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण पट्ट्यांना वजनदार हातोड्यांची जोड असते, म्हणून त्यांना वेटेड म्हणतात. सेन्सर पट्टीचा वेग मोजतात आणि त्याप्रमाणे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला सूर निघतो. म्हणजे पेटीवरून येणाऱ्या माणसाला इथे जे नवीन शिकायचं असतं, ते सगळं पट्टीच्या त्या सेंटीमीटरभर प्रवासात असतं. पुढच्या सगळ्या शोधात मी हे धरून राहिले.

खऱ्या पियानोचा विचार केला होता. पण अपराइट, म्हणजे उभ्या बांधणीचा पियानो म्हटला तरी वजन 200 किलोच्या आसपास, आमचं घर राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट छोटी. शिवाय वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग लागतं आणि त्यासाठी माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि सूर तेव्हाच चढायला लागतात. रात्री नऊनंतर वाजवायचं असेल तर हेडफोनला पर्याय नाही. त्यामुळे डिजिटल.

मे महिन्यात मॅडमनी एक फार चांगली गोष्ट सुचवली : दुकानात जायच्या आधी खऱ्या पियानोवर बसून या. त्यांच्या ओळखीने शहरातल्या एका चर्चमधल्या जुन्या अपराइटवर मला एक दुपार बसायला मिळालं. तिथे मी गाणं वाजवलंच नाही. एकेक पट्टी दाबून पाहिली आणि वहीत लिहून घेतलं. खर्जाकडच्या पट्ट्या जड, तारसप्तकाकडे जाताना हलक्या होत जातात. पट्टी अगदी हळू दाबली तर ती खाली जाते पण आवाज येतच नाही, कारण हातोडा तारेपर्यंत पोचत नाही. खर्जातला सूर धरून ठेवला तर बराच वेळ जिवंत राहतो आणि विरताना त्याचा रंग बदलत जातो. उजवं पेडल दाबून एकच सूर वाजवला तर बाकीच्या ताराही हलकेच गुंजू लागतात. ही वही नंतर प्रत्येक दुकानात उपयोगी पडली. तुमच्या ओळखीत कुठे खरा पियानो असेल, जुना, थोडा बेसूर असला तरी चालेल, तर आधी तिथे तासभर घालवाच. नाहीतर दुकानात गेल्यावर जे पहिलं वाजवाल तेच चांगलं वाटतं.

जूनच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या दुकानांपासून सुरुवात केली. आपल्याकडे तबला, पेटी, ढोलकी यांची दुकानं चांगली आहेत, सतार-तंबोऱ्याला मिरज तासाभरावर. पण डिजिटल पियानो मांडून ठेवलेले फार थोडे. एका दुकानात खोका माळ्यावर होता. "आधी अर्धे पैसे भरा, मग खोलू," असं ऐकल्यावर तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र स्वतःहून खुर्ची दिली. "ताई, घेणं राहू द्या, आधी निवांत वाजवून बघा. गर्दी संध्याकाळी असते, सकाळी अकराला येत जा." त्यांच्याकडे यामाहाचा पी-145 आणि कॅसिओचा सीडीपी मालिकेतला एक पियानो जोडून ठेवलेला होता. किंमत साधारण 40 ते 45 हजारांच्या घरात.

माझ्या तपासण्या इथेच पक्क्या झाल्या. पहिली, हळू वाजवण्याची. मधल्या सप्तकातली एक पट्टी जमेल तितक्या हळू, मग थोडी जोरात, असं करत पूर्ण जोरापर्यंत न्यायची. चांगल्या वाद्यात आवाज वाढतो तसा रंगही हळूहळू उजळतो. कमी प्रतीच्या वाद्यात एका ठिकाणी रंग अचानक बदलतो, जणू दुसराच सूर लागला. पी-145 मध्ये हा बदल बऱ्यापैकी सलग वाटला. यामाहाचा नेहमीचा मोकळा, स्वच्छ आवाज त्यात आहे, तो त्यांच्या सीएफथ्रीएस या कॉन्सर्ट ग्रँडवरून, म्हणजे मैफिलीच्या मोठ्या आडव्या पियानोवरून घेतलेला आहे.

दुसरी तपासणी पट्टीच्या मागच्या टोकाची. पट्टी पुढच्या कडेला दाबली की सगळे पियानो बरे वाटतात. पण काळ्या पट्ट्यांच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम दाबलेल्या तीन-चार सुरांत, अंगठा आणि मधली बोटं आत, काळ्या पट्ट्यांच्या मधोमध जातात. तिथे पांढरी पट्टी दाबायची म्हणजे दार बिजागरीजवळ ढकलण्यासारखं होतं. लहान बांधणीच्या पियानोत पट्टीची आतली लांबी कमी असते, त्यामुळे हा फरक फार जाणवतो. दुकानात बी मेजरची कॉर्ड दाबून पाहा, एका मिनिटात कळतं.

तिसरी, एकच सूर भरभर वाजवण्याची. पट्टी पूर्ण वर येऊ न देता पुन्हा दाबायची. सेन्सर दोनच असतील तर पट्टी बरीच वर आल्याशिवाय दुसरा सूर लागत नाही. तीन असतील तर अर्ध्यातूनही लागतो. पेटीवर तानेत एकच सूर दोन बोटांनी फिरवायची माझी सवय आहे, म्हणून मला हे पटकन कळलं. इथे दोन्ही वाद्यांत माझे काही सूर गळत होते.

काकांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली, ती मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि म्हणाले, "आता वाजवा." नुसता पट्ट्यांचा धप् धप् ऐकू आला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने हे ऐकायलाच हवं, कारण रात्री हेडफोन लावून वाजवताना घरच्यांना आणि खालच्या मजल्याला तेवढंच ऐकू जातं.

बाकीची मॉडेलं पाहायला मुंबई गाठली. कोल्हापूरकरांना हे सोयीचं आहे : रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी सीएसएमटी, आणि तिथून धोबी तलाव चालत अंतरावर. फुर्ताडोज हे 1865 पासूनचं दुकान तिथेच आहे, आसपास आणखीही वाद्यांची दुकानं आहेत. दुकानं उघडायला वेळ असतो, तेव्हा स्टेशनवर आवरून, खाऊनपिऊन निघा. सोबत स्वतःचा हेडफोन न्या, मागून बंद असलेला, नेहमी ऐकता तोच. एका दालनात चार पियानो एकदम वाजत असतात, प्रत्येकाचा स्पीकर वेगळ्या दिशेला असतो. हेडफोन एकच ठेवला तरच तुलना खरी होते. दुसरी दक्षता म्हणजे आवाजाची पातळी. जो पियानो जरा मोठ्याने वाजतो तो कानाला चांगला वाटतो. मी प्रत्येक ठिकाणी एकच कॉर्ड सारख्या जोराने दाबून आधी पातळी जुळवली, मगच पुढे गेले.

तिथे यामाहा पी-225, रोलंड एफपी-10 आणि एफपी-30एक्स, कॅसिओ पीएक्स-एस1100 एकामागून एक वाजवले.

पी-225 चा आवाज मला सगळ्यात आवडला. तो सीएफएक्स ग्रँडवरून घेतलेला आहे, आणि पेडल दाबल्यावर बाकीच्या तारा गुंजतात तो परिणामही त्यात आहे. चर्चमधल्या अपराइटची वहीतली नोंद आठवली. पण त्याचा कीबोर्ड पी-145 चाच आहे, यामाहा त्याला जीएचसी म्हणते. आवाज बदलला तरी बोटांना तीच पट्टी लागते. पैसे मात्र बरेच जास्त.

कॅसिओचा पीएक्स-एस1100 बांधणीला फार देखणा, खोली जेमतेम 23 सेंटीमीटर, वजन 11.2 किलो, आणि सहा पेन्सिल सेलवरही चालतो. ज्यांना वाद्य उचलून कार्यक्रमाला न्यायचं आहे त्यांनी तो आधी पाहावा. त्याचे स्पीकर मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे भिंतीपाशी ठेवला की वेगळा आणि मोकळ्यावर ठेवला की वेगळा वाजतो. पण इतक्या कमी खोलीत पट्टीची आतली लांबी कमीच राहणार, आणि माझी बी मेजर तिथे अडखळली.

रोलंडवर बसले आणि जूनभर जे शोधत होते ते हाताला लागलं. पट्टीला थोडा खरखरीत पोत आहे, घामेजलेलं बोट घसरत नाही. हळू दाबताना अर्ध्या वाटेवर एक बारीकशी खाच लागते, ग्रँड पियानोत हातोडा सुटताना लागते तशी. आणि तीन सेन्सर असल्यामुळे एकाच सुराची पुनरावृत्ती गळाली नाही. आवाज यामाहाइतका चमकदार नाही, जरा गोल, दबलेला वाटला. माझ्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा वाजवत होता, त्याला नेमकं उलट वाटलं : रोलंड जड, यामाहा बोटाला मोकळा. हे दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या सांगण्यावर हे वाद्य घेता येत नाही.

इथे कळलेली एक गोष्ट सगळ्यात उपयोगाची. एफपी-10 आणि एफपी-30एक्स या दोन्हींचा कीबोर्ड एकच आहे, पीएचए-4 स्टँडर्ड. फरक आहे तो बाकीच्या गोष्टींत. एफपी-10 मध्ये 6-6 वॉटचे स्पीकर, दुसऱ्यात 11-11 वॉटचे. एका वेळी जिवंत राहणारे सूर 96 आणि 256. एफपी-30एक्सला हेडफोनच्या दोन जागा आणि बाहेरच्या स्पीकरसाठी लाइन आउट आहे. एफपी-10 ला हेडफोनची एकच जागा, आणि बाहेर आवाज काढायचा तर तीच वापरायची. किमतीत 20 हजारांहून जास्त फरक.

सुरांच्या त्या आकड्यांबद्दल : पेडल दाबून मोठ्या कॉर्ड एकावर एक रचल्या तर जुने सूर कापले जातात का, हे मी प्रत्येक वाद्यावर पाहिलं. 64 सुरांच्या पी-145 वर मुद्दाम गर्दी केली तेव्हा एखादा खर्ज लवकर गेल्यासारखा वाटला. माझ्या पातळीच्या संगीतात तो प्रसंग येत नाही. सुरुवातीच्या काही वर्षांसाठी या आकड्याची चिंता करू नये असं माझं मत आहे.

घाईने तिथेच पैसे भरले नाहीत. तासाभराने कान थकतात आणि शेवटचं वाद्य नेहमीच कंटाळवाणं वाटतं, म्हणून जेवून आले आणि उलट क्रमाने पुन्हा वाजवलं. पट्टीबद्दलचं मत तेच राहिलं, आवाजाबद्दलचं थोडं बदललं. मला वाटतं हीच खूण आहे. आवाजाची सवय होते, चांगला हेडफोन लावून तो सुधारतो, यूएसबीने लॅपटॉपला जोडून तिथला दुसरा पियानोही वाजवता येतो. पट्टी मात्र घेतली ती घेतली.

जुलैमध्ये भावाकडे पुण्याला जाणं झालं, तेव्हा कावाई ईएस120 राहिला होता तोही वाजवला. त्याचा आवाज शिगेरू कावाईच्या ग्रँडवरून घेतलेला आहे, आणि हळू वाजवताना तो जितका गोड लागतो तितका दुसरा कुठलाच लागला नाही. पट्टी हलकी आणि शांत, धप् धप् सगळ्यात कमी. माझं बजेट पेडल-टेबलासकट 70 हजार होतं. कावाई घेतला असता तर एकट्या वाद्यावरच ते संपलं असतं. बजेट मोठं असेल आणि घरात झोपणारं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर तो नक्की पाहा.

मी एफपी-10 ठरवला. मुंबईहून परस्पर मागवण्याऐवजी कोल्हापूरच्या त्या खुर्ची देणाऱ्या काकांकडेच चौकशी केली. त्यांनी जीएसटीसकट 50 हजारांच्या थोडं वर किंमत सांगितली, मुंबईच्या तुलनेत हजारभर जास्त. पण काही बिघडलं तर जायला दार जवळ, म्हणून ते मान्य केलं. 10 हजार ॲडव्हान्स, बाकी माल आल्यावर. हप्त्यांची सोय होती, त्यासाठी आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक मागितला. शून्य टक्के व्याज म्हटलं तरी प्रोसेसिंग फी लागत होती, म्हणून रोख व्यवहारच केला. ॲडव्हान्सच्या पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, रंग, सोबत येणारं पेडल आणि अॅडॉप्टर, आणि अंदाजे तारीख लिहून घ्या. तोंडी बोलणं तीन आठवड्यांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

सांगितलेले दहा दिवस उलटले तरी माल आला नाही. मधेच पावसाने जोर धरला, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीच्या बातम्या सुरू झाल्या. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, ते आठवून जीव वर-खाली होत होता. गाडी कुठे अडकली, खोका भिजला तर काय, असं रोज डोक्यात यायचं. काकांना फोन केला की ते शांतपणे म्हणायचे, "पाऊस उतरू द्या ताई, ओलं वाद्य आणून काय करायचं?" ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खोका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आला. बिल्टीची, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीची प्रत आणि आधार दाखवून तो सोडवला. गोडाऊनमधल्या मामांनी विचारलं, "वहिनी, पेटी हाय व्हय ही एवढी लांब?" आणि पियानो आहे म्हटल्यावर टेम्पोत तो आडवा, सपाट ठेवायला स्वतः उभे राहिले. वाद्य 12.3 किलोचं, खोक्यासकट दोघांनी धरावं. टेम्पो आणि चढवणावळ मिळून 600 रुपये.

खोका फोडताना सलग व्हिडिओ काढला, त्यात सीरियल नंबर दिसेल असा धरला. मग आधी 88 च्या 88 पट्ट्या एकेक करून तीन जोरांत वाजवून पाहिल्या : हळू, मध्यम, जोरात. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा मोठ्याने वाजते का, टकटक करते का, हे पहिल्याच दिवशी पाहायचं. सगळ्या ठीक निघाल्या. बिलावरचा नंबर आणि वाद्यामागचा नंबर जुळवून त्याच दिवशी वॉरंटीची ऑनलाइन नोंदणी केली.

टेबल आधीच तयार होतं. तयार एक्स आकाराचा स्टँड जोरात वाजवलं की हलतो, म्हणून ओळखीच्या सुतारांकडून बनवून घेतलं. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72-73 सेंटीमीटरवर याव्यात, त्या हिशोबाने वाद्याची जाडी वजा करून टेबलाची उंची दिली. महत्त्वाचं म्हणजे एफपी-10 चे स्पीकर खालच्या बाजूला आहेत. पूर्ण फळी टाकली असती तर आवाज कोंडला असता. म्हणून सुतारमामांना पुढे-मागे दोन पट्ट्या आणि मध्ये मोकळी जागा ठेवायला सांगितली. त्यांनी एकदा वाजवून घेतलं, फळी सरकवून पुन्हा वाजवून घेतलं, आणि फरक ऐकून स्वतःच मधली जागा आणखी वाढवली. लाकूड-मजुरी 4,500 रुपये.

धप् धप् कमी करायला टेबलाच्या पायांखाली जाड रबर आणि त्याखाली घडी घातलेली जुनी घोंगडी ठेवली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पहिल्याच रात्री विचारून आले. त्यांना काहीतरी ठोकल्यासारखं ऐकू येत होतं, घोंगडी घातल्यावर थांबलं.

सोबत आलेलं पेडल म्हणजे छोटा फूटस्विच, चालू किंवा बंद एवढंच. अर्धं पेडल शिकायचं तर रोलंडचं डीपी-10 लागतं, ते वेगळं घेतलं. पेडल, हेडफोन, टेबल, कव्हर आणि स्पाइक गार्ड धरून वाद्यावर आणखी 14 ते 15 हजार गेले. बजेट करताना हा आकडा आधीच बाजूला काढा, नाहीतर सगळे पैसे वाद्यात जातात आणि ते डायनिंग टेबलवर येऊन बसतं. पावसात आमच्याकडे लाइट जाते-येते, म्हणून वाजवून झालं की अॅडॉप्टर प्लगमधून काढते. खिडकीपासून लांब ठेवलंय, कव्हरखाली सिलिका जेलच्या पुड्या आहेत.

पहिले दोन आठवडे बोटं दुखली. पेटीच्या हाताला हे होणारच, एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. वाद्यात टच हलका करायची सोय आहे, पण मॅडमनी मध्यमवरच ठेवायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये त्या घरी येऊन वाजवून गेल्या. खर्ज जरा पातळ आहे म्हणाल्या, ते मलाही मान्य आहे, स्पीकर लहान आहेत. मग मला माझा जुनाच धडा वाजवायला लावला, डावा हात हळू आणि उजवा मोठा. मध्येच त्यांनी थांबवलं आणि म्हणाल्या, "आता ऐकू येतंय, डावा कुठे जड होतो ते. उद्यापासून तेवढंच करा."